शब्द आणि अन्वय : दोन संस्कृतींत घडलेल्या वास्तुविद्यार्थ्याचे आराखडे

वास्तुकलेला भाषा म्हणण्याची चाल आता इतकी रूढ झाली आहे, की या रूपकाचा नेमका अर्थ काय याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. कमान, घुमट, छज्जा, जाळी यांना वास्तूचे शब्द म्हणावे, एवढ्यावरच बहुधा समाधान मानले जाते. परंतु भाषा ही शब्दांची रास नव्हे. मराठीने ‘कागद’, ‘शहर’, ‘जमीन’, ‘तारीख’ असे शेकडो शब्द फार्सीच्या द्वारे स्वीकारले. तथापि तिची विभक्ती व क्रियापदाची व्यवस्था ढळली नाही, म्हणून ती मराठीच राहिली. याच्या उलट, ‘तो मनुष्य, जो काल आला होता, आज गेला’ या वाक्यातील प्रत्येक शब्द मराठी असूनही त्याची ठेवण इंग्रजी आहे. घरचा मराठी बोलणारा ‘काल आलेला मनुष्य आज गेला’ असेच म्हणेल. भाषेचे स्वत्व शब्दांत थोडे व अन्वयात अधिक असते, हा भाषाशास्त्रातील सामान्य अनुभव आहे. एका संस्कृतीत वाढलेला आणि दुसरीत शिकलेला वास्तुविद्यार्थी आपले आराखडे कोणत्या भाषेत रचतो, हा प्रश्न या अनुभवाच्या प्रकाशात तपासून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी इओ मिंग पेई यांच्या विद्यार्थिदशेतील दोन आराखड्यांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पेई यांचा जन्म 1917 साली कँटन येथे झाला व बालपण हाँगकाँग आणि शांघाय येथे गेले. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. घराण्याचे मूळ गाव सूचौ. तेथील ‘सिंहवन’ या नावाचे प्रसिद्ध उद्यान त्यांच्याच कुळाकडे होते आणि सुट्टीतील दिवस त्या उद्यानाच्या परिसरात जात. भिंतींनी वेढलेली अंगणे, खडकांच्या रचना, पाण्याच्या कडेने वळत जाणाऱ्या वाटा आणि एकदम पुढे न येता टप्प्याटप्प्याने उलगडणारे दृश्य हे सारे त्या मुलाने अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले नाही. तो त्यातून हिंडला. 1935 साली अमेरिकेत गेल्यावर त्यांनी प्रथम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील फ्रेंच धर्तीच्या रेखाटनप्रधान शिक्षणाशी त्यांचे जुळले नाही. थोड्याच दिवसांत ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दाखल झाले आणि 1940 साली पदवीधर झाले. चीनमध्ये त्यांनी वास्तुकलेचे कोणतेही औपचारिक शिक्षण घेतले नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पदवीसाठी त्यांनी जो आराखडा सादर केला, त्याचा विषय युद्धकाळात व शांततेच्या काळात चीनमध्ये लोकप्रचारासाठी वापरावयाची प्रमाणबद्ध केंद्रे हा होता. 1937 पासून चीन जपानशी युद्धात गुंतलेला होता. अशा स्थितीत ठरावीक मापाच्या घटकांतून उभारता येणाऱ्या या केंद्रांसाठी पेई यांनी बांबू हे साहित्य निवडले. ठरावीक मापाचे सुटे भाग करून ते जोडावयाचे, ही कल्पना तत्कालीन पाश्चात्त्य यंत्रयुगाची. साहित्य मात्र चिनी खेड्याचे. येथे व्याकरण परके आणि शब्द घरचा, अशी स्थिती दिसते. आराखडा उपयुक्त आहे, त्यामागे देशाविषयीची कळकळही आहे. परंतु दोन संस्कृतींचा खरा प्रश्न त्यात अद्याप उपस्थित झालेला नाही. बांबूच्या जागी दुसरे हलके लाकूड घातले, तर मूळ कल्पनेत फारसा फरक पडणार नाही.

हा प्रश्न चिनी वास्तुविशारदांना त्यापूर्वीच पडलेला होता. 1920 व 1930 च्या दशकांत चीनमध्ये अनेक महाविद्यालये व सरकारी इमारती अशा बांधल्या गेल्या, की ज्यांचा देह पाश्चात्त्य आणि छप्पर तेवढे वक्र, कौलारू, चिनी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच 1920 च्या दशकात शिकलेले ल्यांग स्सछंग यांनी या विषयाचा शास्त्रीय पाया घातला. प्राचीन लाकडी मंदिरांची मोजमापे घेऊन त्यांनी चिनी वास्तुकलेचा इतिहास सिद्ध केला आणि तिच्या ‘शब्दसंग्रहा’ची व ‘व्याकरणा’ची चर्चा केली. 1950 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी याही पुढे जाऊन असे प्रतिपादन केले, की एका परंपरेतील इमारत दुसऱ्या परंपरेत ‘अनुवादित’ करता येते : आकारमान व विभागणी तीच ठेवावी आणि प्रत्येक अवयवाच्या जागी आपला अवयव बसवावा. 1955 साली खर्चिक ‘मोठ्या छपरां’विरुद्ध जी मोहीम झाली, तिच्यात त्यांच्यावर कडक टीका झाली. त्या टीकेचे स्वरूप राजकीय होते आणि ल्यांग यांच्या विद्वत्तेला तिने न्याय दिला नाही. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या अनुवादकल्पनेत एक उणीव राहतेच. शब्दास शब्द ठेवून केलेल्या भाषांतरात मूळ वाक्याचा अन्वय तसाच शिल्लक राहतो; बदलतो तो केवळ पेहराव. व्याकरणाचे नाव घेऊन येथे प्रत्यक्षात शब्दांचीच अदलाबदल होते.

पेई यांनी 1942 च्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. युद्धकार्यामुळे शिक्षणात खंड पडला. युद्ध संपल्यावर ते परतले आणि 1946 साली त्यांनी तेथील पदव्युत्तर पदवी मिळविली. तेथील प्रमुख अध्यापक वॉल्टर ग्रोपियस होते. जर्मनीत 1919 साली बाउहाउस या संस्थेची स्थापना करणारे ग्रोपियस 1937 साली अमेरिकेत आले होते. त्यांच्या अध्यापनात ऐतिहासिक शैलींच्या अनुकरणास स्थान नव्हते. गरज, साहित्य व बांधणीचे तंत्र यांपासून आकार सिद्ध व्हावा, ही त्यांची शिकवण. मग जगातील सर्व इमारती अखेर एकसारख्या होणार काय, अशी शंका पेई यांनी त्यांच्यापुढे मांडली. हवामान, इतिहास व राहणी भिन्न असता वास्तू भिन्न का असू नये, असा त्यांचा प्रश्न होता. ग्रोपियस यांनी उत्तर देण्याऐवजी विद्यार्थ्याने ते आराखड्यानेच सिद्ध करावे, असे सुचविले. शांघाय येथील चिनी कलेच्या संग्रहालयाचा आराखडा हे त्याचे फळ होय.

या आराखड्याचे वैशिष्ट्य प्रथम त्यातील अभावांत दिसते. त्यात वक्र छप्पर नाही, रंगविलेले खांब नाहीत, ड्रॅगन नाहीत. इमारत ठेंगणी, दुमजली, सिमेंट-काँक्रीटची, साध्या भिंतींची आहे. ‘चिनी’ म्हणून बोट दाखविता येईल असा एकही अवयव दर्शनी बाजूस आढळत नाही. तरीही ती चिनी आहे, कारण तिचा अन्वय चिनी आहे. पाश्चात्त्य संग्रहालय भव्य जिना, उंच दालन आणि एकामागून एक लावलेली मोठी चित्रे व पुतळे अशा क्रमाने रचलेले असते. चिनी कलावस्तू बहुधा लहान असतात : जेड पाषाणाच्या वस्तू, चिनी मातीची भांडी, गुंडाळून ठेवावयाची चित्रे. त्या कायम भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी नसून, प्रसंगाने बाहेर काढून मोजक्या लोकांनी जवळून पाहण्यासाठी असतात. पाहण्याची ही रीत ध्यानात घेऊन पेई यांनी दालने आणि बागांची अंगणे एकमेकांत गुंफली. वस्तू पाहता पाहता प्रेक्षक उघड्या अंगणाकडे येतो व पुन्हा आत वळतो. चहापानाच्या बागेलाही मांडणीत स्थान आहे. भिंत ही येथे छप्पर पेलणारी वस्तू एवढीच नसून, आत-बाहेरचा संबंध जोडणारी व तोडणारी आहे. वाक्यात अव्ययाचे जे कार्य, ते येथे भिंतीचे आहे. बांबूच्या आराखड्याला जी कसोटी लावली, ती येथे लावून पाहावी : काँक्रीट काढून वीट घातली तरी ही वास्तू टिकेल, अंगणे काढून टाकली, तर तिचा अर्थच नाहीसा होईल.

ग्रोपियस यांनी या कामाची प्रशंसा केली आणि 1948 साली हा आराखडा अमेरिकेतील एका प्रमुख वास्तुविषयक मासिकात प्रसिद्ध झाला. परंतु प्रशंसेपेक्षा अधिक अर्थपूर्ण गोष्ट वेगळीच आहे. त्याच सुमारास शांघायनजीकच्या नियोजित ह्वातुंग विद्यापीठाचा आराखडा ग्रोपियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेई यांच्या साहाय्याने तयार केला. त्यातही अंगणांभोवती जोडलेल्या ठेंगण्या इमारतींची मांडणी आहे. याचा अर्थ असा, की संसर्ग एकाच दिशेने झाला नाही. दोन भाषा बोलणारा मनुष्य परकी भाषा शिकतो तेव्हा त्या परक्या भाषेलाही थोडे वळण लावतो. शिष्य गुरूची भाषा शिकला एवढेच म्हणणे अपुरे आहे. गुरूनेही शिष्याचे एक वाक्य उचलले.

या आराखड्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की त्यातील ‘चीन’ हा श्रीमंत, सुसंस्कृत कुळांच्या उद्यानगृहांचा चीन आहे. बांबूच्या आराखड्याचा प्रेक्षक खेडूत होता. संग्रहालयाचा प्रेक्षक रसिक आहे. पहिल्यात समाज व्यापक पण अन्वय उसना, दुसऱ्यात अन्वय घरचा पण समाज संकुचित, ही विषमता दुर्लक्षिता येत नाही. दुसरी मर्यादा परिस्थितीने घातली. यादवी युद्ध आणि 1949 ची राज्यक्रांती यांमुळे संग्रहालय व विद्यापीठ ही दोन्ही कागदावरच राहिली आणि पेई अमेरिकेतच स्थायिक झाले. मातृभाषेत प्रत्यक्ष बोलण्याची संधी त्यांना फार उशिरा मिळाली. 1982 साली बीजिंगनजीक पूर्ण झालेल्या ‘सुगंध पर्वत’ हॉटेलात अंगणे आहेतच. परंतु पांढऱ्या भिंती, करड्या विटा व चौकटीच्या आकृतीच्या खिडक्या यांवर इतका भर आहे, की विद्यार्थिदशेत टाळलेले ‘शब्द’ येथे पुन्हा डोकावतात. दीर्घकाळ परदेशी राहिलेल्या माणसाच्या बोलीत जुने वाक्प्रचार जसे जपून ठेवलेले आढळतात, तसाच हा प्रकार आहे. 2006 साली सूचौ येथे उभ्या राहिलेल्या संग्रहालयात अन्वय आणि शब्द यांचा मेळ अधिक साधला आहे. तथापि मूळ विचार साठ वर्षांपूर्वीच्या त्या आराखड्यात, अधिक निर्भयपणे, मांडलेला होता असे म्हणावयास हरकत नाही.

येथे महाराष्ट्राशी संबंध असलेल्या एका समकालीनाची तुलना उद्बोधक ठरते. अच्युत कानविंदे यांचा जन्म 1916 साली कोकणातील आचरे या गावी झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत क्लॉड बॅटली यांच्या काळात त्यांचे वास्तुशिक्षण झाले आणि 1945 साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला, ग्रोपियस यांच्याकडेच, गेले. 1947 मध्ये ते परतले. गुरू एक, काळ एक. परंतु पूर्वतयारी अगदी भिन्न. बॅटली यांना भारतीय परंपरेविषयी खरी आस्था होती व जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन रेखाटने करण्यावर त्यांचा भर असे. मात्र अशा अभ्यासाने परंपरा इंग्रजी वर्गात, इंग्रजी संज्ञांच्या द्वारे, तपशिलाच्या रूपाने हाती येते. ती व्युत्पत्तिकोशातून शिकलेल्या भाषेसारखी असते, बोलीसारखी नव्हे. पेई यांची चिनी ही बोली होती, कारण ती शाळेत शिकविली गेली नव्हती. कानविंद्यांचीही बोली होतीच : खळे, ओटी, पडवी, माजघर, परसू असा क्रमाने आत जाणारा कोकणी घराचा अन्वय. परंतु तिला वास्तुविद्येच्या वर्गात भाषेचा दर्जा नव्हता.

अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीसारख्या त्यांच्या आरंभीच्या कामांत गुरूची भाषा शुद्ध व अस्खलित ऐकू येते. ती भाषा नव्या विज्ञानसंस्थांना अनुरूप होती, हेही खरे. पुढे 1960 च्या दशकात कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेत वीट व उघडे काँक्रीट, सावलीतून जाणारे जोडमार्ग आणि इमारतींमधील अंगणे यांची जी गुंफण दिसते, तिच्यात काही निराळे घडले आहे. कोकणातील घर कानपुरास पोहोचले, असे म्हणणे धाडसाचे होईल; तथापि ऊन आणि सावली यांच्या सीमेवर माणसे कशी वावरतात याची जाण तेथे मांडणीची चालक झाली आहे. जी गोष्ट पेई यांना आराखड्यातच साधली, ती साधण्यास कानविंद्यांना प्रत्यक्ष व्यवसायाची काही वर्षे लागली. हा फरक प्रतिभेचा नसून शिक्षणाचा आहे.

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष दोन व्यक्तींपुरता नाही. महाराष्ट्रातील वास्तुविद्यार्थी दोन संस्कृतींत शिकण्यासाठी परदेशी जावा लागत नाही. वर्गाचा उंबरठा ओलांडताच तो दुसऱ्या संस्कृतीत प्रवेश करतो. घरी तो ओसरीवर बसतो. आराखड्यात ओसरीला स्वतंत्र नाव नसते. नाव नाही म्हणून वेगळेपण जाणवत नाही, आणि वेगळेपण जाणवत नाही म्हणून ती जागा कागदावर येत नाही. ओसरी ना बाहेरची ना आतली. परक्याला बसविण्याची व घरच्याला विसावण्याची ती जागा. तिला बैठकीची खोली म्हटले की एक संबंध पुसला जातो, केवळ एक शब्द नव्हे. यावर उपाय म्हणून आराखड्यावर वाड्याची कमान चिकटविणे म्हणजे पुन्हा तेच शब्दास शब्द भाषांतर होय.

ग्रोपियस यांच्या अध्यापनातील खरे शिकण्याजोगे तत्त्व त्यांच्या शैलीत नाही. विद्यार्थ्याने शंका घेतली तेव्हा त्यांनी ती आराखड्याचा विषय होऊ दिली, यात ते आहे. विद्यार्थ्याच्या घरात पाहण्याची, बसण्याची, येण्याजाण्याची जी रीत आहे, ती प्रथम त्याच्याच भाषेत नीट वर्णन करून घ्यावी आणि मगच रेषेस आरंभ करावा, एवढी सवय वास्तुविद्येच्या वर्गास लागली तरी पुष्कळ झाले. त्या वर्णनासाठी लागणारी शब्दसंपदा कोकण, देश व विदर्भ यांच्या बोलींत अद्याप आढळते. ती गोळा करणे हे भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे, आणि तिचा अन्वय काँक्रीटमध्ये उतरविणे हे वास्तुविशारदांचे.