५३ टक्के, पण कोणाचे?
अगन, डोलियाक आणि हार्वी यांचा २०२३चा पेपर बोस्टनच्या सफक काउंटीतल्या केसेसवर आहे. दुकानातून वस्तू उचलण्यासारख्या किरकोळ, अहिंसक गुन्ह्यात सरकारी वकिलाने पहिल्याच हजेरीला केस सोडून दिली, तर पुढच्या दोन वर्षांत नवी तक्रार होण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी घटते. पद्धत झकास. कोणती केस कडक वकिलाकडे जाईल नि कोणती मवाळ वकिलाकडे, हे जवळपास नशिबावरच; तुलना त्यातूनच मिळते.

पण आकडा उचलून धावू नका. तो फक्त काठावरच्या केसेसचा आहे, जिथे दोन वकिलांचं मत वेगळं पडलं असतं.

माझा खरा आक्षेप वेगळा. मुख्य तुलनेत ‘खटला चालला’ या एकाच खणात सगळे कोंबलेत: दोषी ठरलेला, सुटलेला आणि निकाल लांबवून चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेलाही. पहिल्यांदाच सापडलेल्या विशीतल्या पोरासमोर पर्याय असतात ते नेमके याच खणातले. खटला पुढे गेला की, दोषी ठरो न ठरो, राज्याच्या नोंदीत नाव चढतं. मग ती अट घ्यावी, की केस लढवावी? यावर ५३चा आकडा गप्प आहे.