मुद्दाम हरून संघ उभा राहतो का?

"आत्ता हरा, पुढे जिंकाल" असं एनबीए बास्केटबॉलचे बरेच चाहते बिनधास्त सांगतात. पेटच्या तयारीत 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' हे तुम्ही पाठ केलंच असेल. ते वाक्य इथे लावून बघा.

आधी नियम. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त असते. पहिले नंबर लॉटरीने ठरतात. म्हणून काही संघ चांगले खेळाडू सोडून मुद्दाम हरतात. हेच टँकिंग.

समर्थकांचं लाडकं उदाहरण म्हणजे सॅन अँटोनिओ. 1996-97 मध्ये 82 पैकी 20 विजय, मग लॉटरी लागली, टिम डंकन आला आणि पुढे पाच विजेतेपदं. पण त्याच हंगामात बोस्टनने फक्त 15 सामने जिंकले होते. हातात दोन निवडी होत्या, तरी मिळाले तिसरा आणि सहावा नंबर! हा किस्सा सहसा कोणी सांगत नाही. शिवाय सॅन अँटोनिओ आदल्या वर्षी 59 सामने जिंकलेला संघ होता. त्यांचा डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे त्या हंगामात जेमतेम 6 सामने खेळला, म्हणून ते घसरले. तो परतला. मग श्रेय हरण्याला किती द्यायचं?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी हेच केलं होतं. परिणाम दिसला तेवढेच नमुने घेतले. गाइडनी लाल पेनने विचारलं, "बाकीचे कुठे गेले?"

फिलाडेल्फियाने तर 2013 ते 2016 या तीन हंगामांत 19, 18 आणि 10 विजय अशी मजल मारली. त्यातून जोएल एम्बीड आला, 2017-18 मध्ये 52 विजयही आले. पण 2018 ते 2023 मध्ये पाचदा प्लेऑफच्या दुसऱ्याच फेरीत गाडी अडकली. म्हणजे फसलं? 'यश' कशाला म्हणायचं हे आधी न ठरवता दोन्ही बाजू वाद घालतात, हीच माझी तक्रार. एम्बीड 2014 च्या ड्राफ्टमध्ये तिसरा होता. त्याच ड्राफ्टमध्ये 41 वा निवडलेला निकोला योकिच 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद देऊन गेला.

टँकिंग निरुपयोगी आहे, असं यातून सिद्ध होत नाही. मुद्दाम हरणारा आणि नुसताच कमजोर, दोघांचे आकडे सारखेच दिसतात. पण 2019 च्या लॉटरीपासून सर्वांत तळाच्या संघाची पहिल्या नंबरची शक्यता 25 वरून 14 टक्क्यांवर आली, आणि खालच्या तिघांना ती सारखीच मिळते. प्रोजेक्ट करायचा असेल तर या बदलाच्या आधीचे आणि नंतरचे हंगाम घ्या. शेवटच्या महिन्यात तळाचे संघ आपले धडधाकट खेळाडू किती मिनिटं बाकावर बसवत होते, तिथून मोजायला लागा.