अंतराळातील शेजारी आणि ‘प्रेषित’ ह्या शब्दाचा अर्थ

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असेल काय, आणि असल्यास तिच्याशी गाठ पडण्यापूर्वी मानवाने कोणती तयारी करावी, हा प्रश्न आता केवळ विज्ञानकथांपुरता उरलेला नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातील तरुण तो पाळकांना व उपदेशकांना विचारतात. त्यामागे बहुधा दुसरा, अधिक खोल प्रश्न दडलेला असतो : तेथे कोणी असेलच, तर ख्रिस्त त्यांचाही तारणारा आहे काय? ह्या विषयावर वैज्ञानिकांनी जे विचारपूर्वक लिहून ठेवले आहे, त्यात आंतरराष्ट्रीय अंतराळयानशास्त्र अकादमीची १९८९ सालची व २०१० साली सुधारलेली तत्त्वांची घोषणा महत्त्वाची आहे. तिचे परीक्षण करणे हा ह्या लेखाचा हेतू. हे परीक्षण हवेत राहू नये म्हणून हैदराबादेत, तारनाक्याच्या परिसरात पार पडलेल्या एका संशोधनाची कसोटी आम्ही तिला लावणार आहोत.

तारनाक्याहून उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेशीय व रेण्वीय जीवशास्त्राचे केंद्र आहे. ‘सीसीएमबी’ ह्या नावाने ते सर्वांस परिचित आहे. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादच्याच राष्ट्रीय बलून केंद्रातून एक प्रचंड बलून आकाशात सोडण्यात आला. त्याच्यासोबत ४५९ किलो वजनाची उपकरणे होती व ती ३८ किलो द्रवरूप निऑनने थंड ठेवलेली होती. निर्वात व निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने घेऊन ती उपकरणे हवाई छत्रीने खाली उतरली. ह्या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर. नमुन्यांची तपासणी सीसीएमबीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, अशी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली. जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. जीवाणूंपैकी ९ वसाहतींचे पृथ्वीवरील ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक साम्य होते. उरलेल्या ३ जाती मात्र सर्वस्वी नव्या ठरल्या, आणि अतिनील किरणांना तोंड देण्याची त्यांची शक्ती त्यांच्या जवळच्या आप्तांहून अधिक होती. २००९ साली ह्या तीन जाती जाहीर झाल्या. एकीला फ्रेड हॉईल ह्यांचे, दुसरीला इस्रोचे व तिसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले.

येथे नाव आणि पुरावा ह्यांतील भेद ओळखणे अगत्याचे आहे. जीवनाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर आली, ह्या मताचे हॉईल हे खंदे पुरस्कर्ते होते. म्हणून त्यांचे नाव एका जीवाणूला मिळाले एवढ्यावरून तो जीवाणू अंतराळातून आला असे सिद्ध होत नाही. स्वतः संशोधकांनीही तसा दावा केला नाही. हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही, मात्र शोध पुढे चालू ठेवण्यास उत्तेजन मिळाले आहे, इतकेच इस्रोने सांगितले. ज्यांच्या मनात आशा सर्वांत प्रबळ होती, त्यांनीच आपल्या वाणीला सर्वांत कडक लगाम घातला. व्यासपीठावरून बोलणाऱ्या आम्हांस ह्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘विज्ञानाला स्वर्गातील जीव सापडला’ असा जयघोष करणारा प्रवचनकार आणि ‘आता शास्त्र खोटे ठरले’ म्हणून घाबरणारा विश्वासी, ह्या दोघांनीही तपासणी पूर्ण होण्याआधीच निकाल दिलेला असतो.

आता घोषणेकडे वळू. तिचे सार असे : संकेत मिळाल्यास प्रथम तो पडताळून पाहावा, खात्री पटल्यावर तो लपवून न ठेवता सर्व जगास कळवावा, आणि व्यापक आंतरराष्ट्रीय विचारविनिमयावाचून कोणीही त्याला उत्तर धाडू नये. ह्या घोषणेला कायद्याचे बळ नाही, तरी तिच्यात एक नैतिक शिस्त आहे. प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करावी, हा योहानाच्या पहिल्या पत्रातील उपदेश आणि पडताळणीचे हे तत्त्व ह्यांत आम्हांस नाते दिसते.

तथापि घोषणेत तीन उणिवा जाणवतात. पहिली, ती केवळ बुद्धिमान जीवांच्या संकेतांचा विचार करते. तारनाक्याजवळ तपासली गेली ती एका जीवाणूची वसाहत होती. पहिली भेट अशाच मूक जीवाशी होण्याचा संभव अधिक, आणि त्या भेटीत बलवान पक्ष आपला असेल. १९६७ च्या अंतराळ करारातील नववे कलम इतर ग्रहगोलांचे हानिकारक दूषण टाळण्यास सांगते, हे स्तुत्य होय; परंतु जो बोलू शकत नाही त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय, ह्याचे पूर्ण उत्तर एका कलमात मावत नाही.

दुसरी उणीव अशी की, मानवजातीच्या वतीने कोणी बोलावे हे ती पुढील विचारविनिमयावर सोपवते. प्रत्यक्षात बोलणे तर केव्हाच सुरू झाले आहे. १९७४ साली अरेसिबोच्या दुर्बिणीतून सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूरच्या तारकागुच्छाकडे संदेश धाडला गेला, तेव्हा जगाला कोणी विचारले नव्हते. १९७७ सालच्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत मराठी आहे, तेलुगूही आहे, आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ह्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण आपल्या भाषेतील तो नमस्कार आपल्याला विचारून धाडलेला नव्हता, हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरी उणीव आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. घोषणा कार्यपद्धती सांगते, परंतु भेटणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी ती मौन पाळते. तयारी म्हणजे नियमावली एवढाच अर्थ असता, तर इतिहासातील भेटी इतक्या रक्तरंजित झाल्या नसत्या. सी. एस. लुईस ह्यांनी १९५८ च्या एका निबंधात हीच भीती बोलून दाखवली : परग्रहवासी आपले काय करतील ह्यापेक्षा आपण त्यांचे काय करू, ही त्यांची चिंता होती. आम्हांस तर त्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. त्याच गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट आले, येथील लोकांची भाषा शिकले, आणि ३७ वर्षांनी, १६१६ साली, त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले. स्टीफन्स त्याच राजसत्तेच्या छायेत वावरले हे नाकारता येत नाही. तरीही एका भेटीने समोरच्याला गप्प केले आणि दुसरीने त्याच्या तोंडची भाषा आपल्या तोंडी घेतली, हा भेद लहान नव्हे. अंतराळातील शेजाऱ्याकडे ह्यांपैकी कोणता वारसा घेऊन जायचे, हे ठरवणे हीच खरी तयारी होय.

राहिला तरुणांचा मूळ प्रश्न. तो ख्रिस्तसभेला नवा नाही. देवाला अनेक जगे निर्माण करता येत नाहीत, हे विधान पॅरिसच्या बिशपांनी १२७७ सालीच निषिद्ध ठरवले होते. पंधराव्या शतकात गियोम द वोरियाँ ह्या फ्रान्सिस्कन ईश्वरविज्ञान्याने दुसऱ्या जगातील रहिवाशांच्या तारणाचा विचार केला. येथे मरण पावलेला ख्रिस्त अनंत जगांचेही तारण करण्यास समर्थ आहे, असे त्याचे उत्तर होते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातही समेटाची कक्षा पृथ्वीपुरती ठेवलेली नाही. पृथ्वीवरील व स्वर्गातील सर्वच तिच्यात येते. तेथील जीव पतित आहेत की निष्पाप, देवाने त्यांची भेट कोणत्या रीतीने घेतली आहे, हे आज ठरवण्याचा अधिकार आम्हांस नाही. सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झाले एवढे कबूल करणाऱ्याने, आपण पोहोचेपर्यंत देव तेथे गैरहजर होता असे मात्र मानू नये.

नारळीकरांच्या एका मराठी विज्ञानकादंबरीचे नाव ‘प्रेषित’ असे आहे. दुसऱ्या जगातून इकडे पाठवलेल्यासाठी त्यांनी तोच शब्द योजला, जो आमच्या पवित्र शास्त्रात पेत्र व पौल ह्यांच्यासाठी येतो. ह्या योगायोगाकडे आम्ही तक्रारीने पाहत नाही; उलट त्याने आपलाच शब्द पुन्हा वाचावयास लावला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्र यापो येथे दृष्टान्त पाहतो. ज्याला तो अशुद्ध समजत होता त्याविषयीचे त्याचे मत देव आधी बदलतो आणि मग त्याला कर्नेल्याच्या घरी धाडतो. तेथे त्याचे बोलणे पुरे होण्यापूर्वीच पवित्र आत्मा त्या परक्या घरावर उतरतो. पेत्र पाठवलेला होता खरा, परंतु त्याच्या आधी देव तेथे पोहोचला होता, आणि त्या भेटीत पालटला तो प्रथम प्रेषितच.

म्हणून पाळकांनी व उपदेशकांनी हा विषय वर्गात टाळू नये. सिद्ध झालेले व न झालेले ह्यांत तारनाक्याजवळच्या त्या प्रयोगशाळेइतकाच काटेकोर भेद करावा. गोव्याचा दुहेरी इतिहास दोन्ही बाजूंनी सांगावा. आणि परग्रहवासीयांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, असे कोणी विचारल्यास कर्नेल्याचा अध्याय उघडून त्याच्यासह वाचावा. आपल्या गावातील ज्या घराची पायरी आपण अद्याप चढलो नाही, त्याची आठवण तो अध्याय वाचताना प्रत्येकास होईलच, आणि ती पायरी चढण्यास कोणत्याही संकेताची वाट पाहावी लागत नाही.