आकाशवाणीवरील पुस्तकसंवाद : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

स्थानिक नभोवाणी केंद्राची कल्पना भारतात १९८४ साली नागरकोईल येथे प्रत्यक्षात आली. नांदेडला आकाशवाणी केंद्र लाभले ते १९९०च्या दशकाच्या प्रारंभी. शेतीविषयक सल्ला आणि लोकगीते यांच्या जोडीने परिसरातील लेखक-कवींच्या मुलाखती व पुस्तक-परिचय यांनाही अशा केंद्रांमुळे हक्काची जागा मिळाली. पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांत नांदेड वा लातूर येथे छापल्या गेलेल्या पहिल्या कवितासंग्रहाची दखल क्वचितच घेतली जाते. लातूरच्या पुस्तकबाजारावर तर ‘लातूर पॅटर्न’मुळे परीक्षोपयोगी पुस्तकांचेच राज्य आहे. अशा वाचकाला नवा लेखक प्रथम कानांवाटे भेटत असेल, तर त्या भेटीचे स्वरूप समीक्षेने तपासणे अगत्याचे ठरते.

या संवादांतील खरी अडचण भाषेची आहे. भाषणाची संहिता आधी लिहून द्यावी लागते, वेळ मोजका असतो, आणि लेखणी हाती येताच प्रमाण मराठी आपोआप उतरते. मुलाखतीत संहितेचा काच कमी असतो. तरीही ध्वनिक्षेपकासमोर बसलेला लेखक बहुधा सावधच बोलतो. ज्याच्या कथेतील पात्रे ‘काय करायलास?’ असे सहज विचारतात, तो स्वतः मात्र ‘ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण’ यासारख्या शब्दावलीत अडकतो. देगलूर-बिलोलीकडील तेलुगूचा आणि उदगीर-निलंग्याकडील कन्नडचा शेजार, तसेच दखनीची छाया, हे त्या पुस्तकाचे वेगळेपण असते. पुस्तकाविषयीच्या बोलण्यातून नेमके तेच वगळले जाते. श्रोत्याच्या हाती उरते ते कोणत्याही पुस्तकाला लावता येईल असे कौतुक.

वस्तुतः बोलणे आणि वाङ्मय यांचे नाते या भूमीला नवे नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचा वैचारिक दबदबा ग्रंथांइतकाच व्याख्यानांतूनही निर्माण झाला; त्यांची कित्येक व्याख्याने पुढे ग्रंथरूप झाली. तथापि व्याख्यान आणि नभोवाणी यांत भेद आहे. सभागृहातील श्रोता ठरवून आलेला असतो. नभोवाणीचा श्रोता दुकानात, शेतात, प्रवासात अर्धे लक्ष देऊन ऐकत असतो. त्याला थबकविण्याचे सामर्थ्य परिचयकाराच्या विशेषणांत नाही. ते पुस्तकातील उताऱ्यात, आणि तोही लेखकाने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत वाचलेल्या उताऱ्यात असते. आपल्या घरातील क्रियापद छापील पुस्तकात आहे, हे त्या क्षणी श्रोत्याला कळते. वेळ अपुरा पडला की मात्र कात्री लागते ती बहुधा उताऱ्यालाच. लेखकाचा जीवनपट आणि पुरस्कारांची यादी शाबूत राहते!

२०२२ साली उदगीर येथे ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात पुस्तक हाताळता येते, चाळून परत ठेवता येते. नभोवाणीवर ही सोय नाही. ऐकलेल्या पुस्तकाचे नाव निसटते, प्रकाशकाचे तर बहुधा कानावर पडतही नाही. त्यातच स्थानिक प्रकाशनांच्या प्रती थोड्या असतात व कित्येकदा लेखकाच्या घरीच पडून राहतात. तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन वाचक उताऱ्यातील प्रसंग सांगू शकतो. ग्रंथपालाला मात्र शीर्षक हवे असते. म्हणून शीर्षक दोनदा उच्चारणे आणि पुस्तक कोठे मिळेल हे सांगणे, ही निवेदकाची तांत्रिक बाब न मानता परिचयाचाच भाग मानावयास हवी.