पाककृती आणि ऋणनिर्देश

पाककृतींच्या लेखनाकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. ते उपयुक्त लेखन आहे, ललित नव्हे, एवढे म्हटले की विषय संपतो अशी एक समजूत आहे. परंतु एखादी गृहिणी आपल्या आवडीच्या पदार्थाची कृती सांगताना ती जिच्यापासून शिकली तिचेही स्मरण करते, तेव्हा त्या लेखनाचे स्वरूप पालटते. कृतीबरोबर आलेली ती व्यक्ती केवळ भावनेचे तोरण असते, की तिच्यावाचून कृतीच अपुरी राहते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तो बडोद्याच्या मराठी घरांच्या आधाराने करणे अधिक सोयीचे आहे.

प्रथम छापील परंपरेकडे पाहू. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. नावातच 'शास्त्र' आहे, आणि शास्त्राला व्यक्तीचे प्रयोजन नसते. नियम सांगितला की त्याचे काम झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. येथे पुस्तक शास्त्राच्या आसनावरून उतरून मैत्रिणीच्या नात्याने गृहिणीशेजारी बसू पाहते. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर रुजविले. स्वतः कमलाबाई स्वयंपाक शिकल्या त्या सासूबाईंच्या हाताखाली. पण परगावी एकटीने संसार मांडणाऱ्या मुलीला ते शिक्षण त्यांनी वाटीने मोजून दिले. हा उपकार लहान नव्हे. मात्र मोजमाप जितके दूर जाते, तितके त्यामागचे कारण दूर जात नाही. 'एक वाटी' हे कळते. ती एकच का, हे सांगणारे माणूस मागे राहते. दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' वाचताना हे अधिक जाणवते. लोकसंस्कृतीच्या या अभ्यासक लेखिकेने पदार्थाला आठवणीची आणि परंपरेची जोड दिली, आणि पाककृती हाही संस्कृतीचा दस्तऐवज ठरू शकतो हे दाखवून दिले.

आता बडोद्याचे उदाहरण घेऊ. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथे गुजराती शेजारात स्थिरावली. देशावरच्या पुरणपोळीला हरभऱ्याची डाळ लागते. गुजराती वेडमीचे पुरण बहुधा तुरीच्या डाळीचे असते. हरभऱ्याची डाळ शिजवून जे पाणी निघते त्या कटाची आमटी होते. तुरीच्या डाळीच्या पाण्याचे गुजराती घरात ओसामण होते. समजा, एखाद्या मराठी घरच्या वहीत पुरणाला तुरीची डाळ लिहिली आहे. वहीत एवढेच असेल, तर वाचणारा ती चूक समजेल आणि दुरुस्त करील. पण कडेला 'शेजारच्या काकींनी दाखविल्याप्रमाणे' असे तीन शब्द असतील, तर तीच नोंद दोन भाषांच्या सहवासाचा पुरावा ठरते. तसेच शब्दांचे. पिठात घालावयाच्या कडकडीत तेलाला मराठीत 'मोहन' म्हणतात, गुजरातीत 'मोण'. मराठी वहीत 'मोण' आढळले, तर ती कृती कोणत्या ओट्यावरून आली याचा तर्क करता येतो. शिकविणारीचे नाव दिलेले असेल, तर तर्काची गरज उरत नाही.

यावरून ऋणनिर्देशाची कसोटी निघते. ज्या स्मरणाने कृतीतील एखादी पायरी, एखादे प्रमाण किंवा एखादा शब्द उलगडतो, ते स्मरण कृतीचे अंग होय. उलट, 'आईच्या हाताला चवच निराळी' यासारखी वाक्ये कितीही प्रामाणिक असली, तरी ती काहीच सांगत नाहीत. कोणत्याही आईला आणि कोणत्याही पदार्थाला ती सारखीच लागू पडतात. आई आमटीत गूळ केव्हा घालीत असे, आमसूल आधी की नंतर, आणि पाहुणे अचानक वाढले की ती काय करीत असे, हे ज्या लेखिकेने पाहून ठेवले आहे, तिची आई आपल्याला दिसू लागते. व्यक्तिचित्रणाचे हेच मर्म आपण कथा-कादंबरीच्या संदर्भात मान्य करतो. पाककृतीला ते नाकारण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, आणि हंसाबेन मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळात तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. आहाराचा विचार वजनाने आणि पोषणमूल्याने करण्याची शिस्त तेथून घरांत आली. मग आठवणींचा पसारा कशाला? उत्तर असे की, दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. पदार्थ शरीराला काय देतो हे शास्त्र सांगेल. तो या घरात कसा आला हे शास्त्राला विचारू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही स्मरणे खरी असतात काय? घरची कृती बहुधा आजी, आई किंवा सासू यांच्या नावे लागते. पण जुन्या मोठ्या घरांतील चूल पुष्कळदा आश्रित विधवा नातलग किंवा पगारी स्वयंपाकीण सांभाळीत असे. तिचे नाव वहीत क्वचितच चढते. तेव्हा आवडत्या पदार्थामागची प्रेरणा सांगणाऱ्या लेखनाची खरी परीक्षा येथे आहे: मान असलेल्या व्यक्तीचे ऋण फेडणे सोपे, जिला घरात पान शेवटी वाढले जाई, तिचे ऋण मान्य करणे कठीण. जे लेखन हे धैर्य दाखविते ते वाङ्मयाच्या अधिक जवळ येते.

बडोद्याने १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ या वर्षी मराठी साहित्य संमेलने भरविली. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत ग्रंथमाला निघाल्या. त्या परंपरेला साजेसे एक लहान काम येथील अध्यापकांना व परिषदांच्या सभासदांना करता येण्यासारखे आहे. शाळेची भाषा गुजराती किंवा इंग्रजी झालेल्या घरांत कट, येळवणी, सांजोरी, मोहन हे शब्द आता बहुतांशी स्वयंपाकघरात आणि तेथील वह्यांत उरले आहेत. या वह्यांच्या नकला कराव्या; मात्र करताना शुद्धलेखन सुधारू नये, तुरीच्या डाळीची हरभऱ्याची करू नये, आणि प्रत्येक कृतीपुढे 'कोणाकडून शिकलात?' हा प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यावे. हे उत्तर देऊ शकणाऱ्या स्त्रिया वयोवृद्ध आहेत. वही पुढच्या पिढीच्या हाती राहील. उत्तर राहीलच असे नाही.