मृदा आरोग्य पत्रिका : काय सांगते, काय गाळते

सातबारा उतारा, सोसायटीच्या कर्जाची पावती आणि खतांची बिले यांच्या पुडक्यात गेल्या दहा वर्षांत आणखी एका छापील कागदाची भर पडली आहे : मृदा आरोग्य पत्रिका. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे ही योजना सुरू झाली. कोट्यवधी पत्रिका वाटल्या गेल्या. आता केंद्रीय व नवोदय विद्यालयांतून 'शालेय मृदा आरोग्य कार्यक्रम' सुरू झाल्याने ही पत्रिका वर्गातही आली आहे. तेव्हा एखादे पुस्तक वाचावे तशी ती चिकित्सकपणे वाचून पाहणे आपले काम ठरते. 'पत्रिका' म्हटले की आपल्याकडे कुंडली आठवते, आणि छापील आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

पत्रिकेत बारा नोंदी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, क्षारता (विद्युतवाहकता), सेंद्रिय कर्ब. त्यापुढे पिकांसाठी खतांची मात्रा, आणि एका चौकटीत शेणखत, जिवाणू खत, चुना किंवा जिप्सम यांची शिफारस. सूक्ष्म अन्नद्रव्ये सामान्य शेतकऱ्यासमोर आकड्यांत मांडली गेली हे या पत्रिकेचे खरे श्रेय. पूर्वी जस्ताची कमतरता पान पिवळे पडल्यावर कळे, आणि तेव्हाही पुष्कळदा आणखी थोडा युरिया टाकून प्रश्न मिटवला जाई.

आता हा कागद घेऊन आपण नामपूरला जाऊ. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातले, मोसम नदीकाठचे हे गाव. नदीलगत काळी, खोल, उन्हाळ्यात भेगा पडणारी जमीन; तेथून डोंगराकडे चढू लागलो की माती उथळ होत जाते आणि पायाखाली मुरूम लागतो. खरिपात बाजरी आणि मका, मागून कांदा. एकाच शेतकऱ्याची एक पट्टी नदीकडे आणि दुसरी माळावर असणे ही इथली नित्याची गोष्ट.

पहिला प्रश्न : नमुना कोणाच्या मातीचा? योजनेच्या पहिल्या दोन फेऱ्यांत (२०१५-१७ आणि २०१७-१९) बागायतीत अडीच हेक्टरांना एक आणि जिरायतीत दहा हेक्टरांना एक असा नमुना घेतला गेला. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे जिरायतीत साधारण सात शेतकऱ्यांच्या वाट्याला एकच नमुना आला आणि पत्रिका मात्र प्रत्येकाच्या नावाने निघाली. पंजाबच्या सपाट गाळाच्या जमिनीत हे एक वेळ चालेल. मोसम खोऱ्यात दहा हेक्टरांत काळी, मध्यम आणि मुरमाड अशा तिन्ही जमिनी सापडू शकतात. पुढे २०१९-२० मध्ये निवडक गावांत शेतनिहाय नमुने घेण्यात आले, ही सुधारणा योग्यच होती. पण ज्यांच्या घरात जुनी पत्रिका आहे त्यांना हा फरक कोणी सांगितला?

दुसरी त्रुटी अधिक सूक्ष्म आहे आणि मला ती अधिक गंभीर वाटते. प्रयोगशाळेत माती वाळवून, कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर राहिलेले खडे फेकून दिले जातात आणि खालच्या बारीक मातीचे पृथक्करण होते. येणारा आकडा असतो किलोमागे मिलिग्रॅम. पत्रिकेत मात्र तो 'हेक्टरी किलो' असा छापतात. त्यासाठी एक हेक्टर शेताच्या वरच्या १५ सें.मी. थराचे वजन २२.४ लाख किलो धरून आकड्याला २.२४ ने गुणले जाते. हे वजन सगळे बारीक मातीचे, हे यात गृहीत आहे.

समजा, माळावरच्या नमुन्यात नत्र किलोमागे १५० मिलिग्रॅम आले. गुणाकार केला की हेक्टरी ३३६ किलो. रूढ प्रतवारीत २८० च्या खाली 'कमी' आणि २८० ते ५६० 'मध्यम', म्हणून ही जमीन 'मध्यम'. पण त्या थराच्या वजनात ३० टक्के खडे असतील तर बारीक माती उरली ७० टक्के, आणि नत्र २३५ किलो. जमीन 'कमी' वर्गात गेली आणि खताची शिफारसही बदलली. पृथक्करणात कुठेही चूक नाही, तरी उत्तर चुकले. हे गणित सातवीच्या वर्गात सहज होईल. चाळणी आणि तराजू असला की पुरे. पत्रिकेत खड्यांचे प्रमाण आणि मातीची खोली यांना रकानाच नाही.

नत्राच्या आकड्याविषयी आणखी एक शंका आहे. सुब्बय्या आणि असिजा यांनी १९५६ साली सुचवलेल्या अल्कलीयुक्त परमँगनेट पद्धतीने 'उपलब्ध नत्र' मोजतात. सेंद्रिय द्रव्यातून सहज सुटू शकणाऱ्या नत्राचा तो एक अंदाज असतो. त्या नत्रातले किती, केव्हा सुटेल हे पावसावर आणि तापमानावर ठरते. आपल्या उष्ण प्रदेशात सेंद्रिय कर्ब मुळातच कमी, म्हणून देशातील बहुतेक नमुने 'नत्र कमी' असेच येतात. सगळ्यांना एकच निदान देणारी चाचणी वैद्याच्या फारशी उपयोगाची नसते.

आता 'चुना/जिप्सम' ही चौकट पाहू. कोकणच्या जांभ्या मातीत आम्लता असते, लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. तिथे चुन्याला अर्थ आहे. ब्राझीलच्या सेराडो पठारावरील शेती तर चुन्यावरच उभी राहिली. नामपूरच्या जमिनीत चुनखडीचे खडे हाताला लागतात. इथे स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि सामू आठच्या वर राहतो. हा सामू पाहून जिप्सम टाकावे का? जिप्सम हे चोपण जमिनीचे औषध आहे. मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम ते हटवते. जमीन चोपण आहे की नुसती चुनखडीयुक्त, हे सामूवरून पक्के कळत नाही. त्यासाठी विनिमयशील सोडियम आणि मुक्त चुना मोजावा लागतो. बारा नोंदींत ही दोन्ही नाहीत. सुधारकाची शिफारस करायची आणि ती ज्यावर ठरते ती मापनेच करायची नाहीत, हे कसे?

'गंधक टाकून सामू उतरवा' असेही कोणी सांगतात. रसायनशास्त्राच्या तासाला याचा हिशेब करून घ्यावा. गंधकाचे आम्ल झाले की ३२ किलो गंधक १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट संपवते. मातीत चुना फक्त एक टक्का असला तरी २२.४ लाख किलो मातीत तो २२.४ टन झाला. तो संपवायला हेक्टरी सात टनांहून अधिक गंधक लागेल. चुना पाच टक्के असेल तर छत्तीस टन! पिकाला अन्नद्रव्य म्हणून थोडे गंधक देणे वेगळे आणि जमिनीचा सामू बदलणे वेगळे. चुना आहे की नाही हे पाहायला विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरतो. फसफसले की आहे. शाळेच्या कपाटातल्या बाटलीत असलेली ही चाचणी पत्रिकेत नाही.

मात्र माझा मुख्य आक्षेप याही पलीकडचा आहे. पत्रिका 'किती' एवढेच सांगते. खत वाया जाते ते 'कधी', 'कुठे' आणि 'किती ओलीवर' यात. रॉन आणि जॉन्सन यांनी १९९९ साली जगभरच्या तृणधान्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दिलेल्या नत्रापैकी सुमारे ३३ टक्केच दाण्यात उतरते असे दिसले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र. या हिशेबाने दाण्यात जाते सात किलोच्या आत.

बाकीचे जाते कुठे, हे नामपूरच्या शेतात समजून घेऊ. मक्यात युरिया फोकून दिला, जमीन नुसती ओलसर आणि पाऊस आठ दिवस आला नाही. मातीतले युरिएज विकर युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते. सामू आधीच आठच्या वर, ऊन कडक. अमोनिया वायू होऊन उडून जातो. (हे विकर सम्नर यांनी १९२६ मध्ये अबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या बियांतून स्फटिकरूपात मिळवले.) २०१५ पासून सर्व युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. पण लेप प्रामुख्याने अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवतो. पृष्ठभागावर पडून हवेत उडणाऱ्या अमोनियावर तो इलाज नव्हे. उलट अमोनियम जास्त काळ तसेच राहिल्याने उडण्याला वाव मिळू शकतो.

वर्गात दोन बरण्यांत ओलसर काळी माती घ्यावी. एकीत चमचाभर युरिया वर पसरावा, दुसरीत सात-आठ सें.मी. खोल पुरावा. दोन्हींच्या झाकणाला आतून ओला केलेला हळदीचा कागद चिकटवावा. एक-दोन दिवसांत पहिल्या बरणीतला कागद तांबडा होऊ लागेल, दुसरीतला बराच काळ पिवळा राहील. खोलवरचे अमोनियम चिकणमाती धरून ठेवते. तांबडा कागद हवेत ठेवला की अमोनिया उडून तो पुन्हा पिवळा पडतो; मुलांना याची मोठी गंमत वाटते.

हेच तत्त्व भातशेतीत महाराष्ट्राने वापरून दाखवले आहे. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री : भाताच्या तुसाची राख व पेंढा मातीला परत देणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या. लावणी १५ व २५ सें.मी. अशा आलटून-पालटून अंतराने. त्यामुळे चार चुडांचा एक चौकोन ४० × ४० सें.मी. जागा व्यापतो, हेक्टरी ६२,५०० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सें.मी. खोल चिखलात खोचायची. एकूण खत सुमारे १६९ किलो. सुधारक आणि खत, जागा आणि मात्रा यांचा इथे एकत्र विचार झाला आहे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा हे भाताचे तालुके नाशिक जिल्ह्यातच आहेत.

बाजरी-मक्याला ही पद्धत जशीच्या तशी लागू नाही. चिखलात हवा नसते म्हणून अमोनियम टिकते. कोरडवाहू जमिनीत हवा खेळती, तिथे ते महिन्याभरात नायट्रेट होऊन जाते. पण दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली, बियाण्याला न चिकटेल असे खत पेरणे आणि वरखत वाफशावर देऊन कोळप्याने लगेच मातीआड करणे नामपूरच्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहे. त्याच्या पत्रिकेत हेक्टरी किलो छापलेले आहेत. पाभर, वाफसा आणि कोळपे हे शब्द नाहीत. पुढची आवृत्ती काढताना मातीची खोली, खडे, चुना आणि खत देण्याची रीत असे चार रकाने घालायला कागदाची मागची बाजू पुरेल.