पेपर कसा वाचावा : सुई टोचली, दुखणं कमी झालं. पण कशामुळे?

गरोदरपणात कंबरेखाली, त्रिकास्थीच्या सांध्यांपाशी किंवा पुढे जांघांच्या मधोमध जे दुखतं, त्याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून कपडे घालताना कळ येते. आपल्याकडे "या दिवसांत एवढं चालायचंच" म्हटलं की विषय संपतो. म्हणूनच यावरच्या चाचण्या नीट वाचायला हव्यात. आज एकाच संशोधक गटाचे दोन पेपर जोडीने वाचूया.

पहिला पेपर हेलेन एल्डेन आणि सहकाऱ्यांचा, ब्रिटिश मेडिकल जर्नल, २००५. स्वीडनमधल्या ३८६ गरोदर स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली. नेहमीचे उपचार, म्हणजे माहिती, पट्टा आणि घरचे व्यायाम, सगळ्यांनाच मिळाले. एका गटाला त्यावर अ‍ॅक्युपंक्चर आणि दुसऱ्याला स्नायूंना स्थैर्य देणारे व्यायाम. ० ते १०० च्या वेदना-मापावर, संध्याकाळच्या वेदनेत नेहमीच्या उपचारांपेक्षा व्यायामगट १३ अंकांनी बरा, अ‍ॅक्युपंक्चर गट २७ अंकांनी. निष्कर्ष : अ‍ॅक्युपंक्चर सरस.

नमुना मोठा, तपासणाऱ्याला गट माहीत नाही. चांगलंच आहे. पण टोचून घेणारीला आपल्याला सुया टोचल्या जातायत हे माहीत होतंच ना! शिवाय तिला सुईसोबत आणखीही बरंच मिळालं : आठवड्यातून दोनदा अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी लक्ष देणं, बरं वाटेल ही अपेक्षा. त्या २७ अंकांत हे सगळं एकत्र आहे. "ही अख्खी सेवा जोडली तर फायदा होतो का?" याचं उत्तर पेपर देतो. "सुईमुळे फायदा होतो का?" याचं देऊ शकत नाही, कारण त्यासाठी लागणारा नियंत्रण गटच नाही.

या गटाने २००८ मध्ये तो प्रश्न स्वतःच विचारला, हे मला फार आवडलं. ११५ स्त्रिया, अर्ध्यांना खरी सुई, अर्ध्यांना त्वचेत न शिरणारी खोटी सुई. खऱ्या सुईच्या गटात वेदना ६६ वरून ३६ वर आली, खोट्या सुईच्या गटात ६९ वरून ४१ वर. दोन्ही गटांतला फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नाही. सुई आत शिरण्याचा वाटा मर्यादित दिसतो, असं लेखकांनीच लिहिलं.

आता इथे घाई करू नका. "म्हणजे सगळा प्लासिबो!" असंही म्हणता येत नाही, कारण या चाचणीत उपचार न मिळालेला गट नव्हता. वेदना आपोआप किती उतरली असती, कोण जाणे. रोजची कामं करण्यात खऱ्या सुईचा गट पुढे होता, पण तो दुय्यम निकष. अनेक दुय्यम निकष तपासले की एखादा योगायोगानेही लक्षणीय येतो. त्याला पुढच्या अभ्यासाचं गृहीतक माना, पुरावा नको.

आणि खोट्या सुईनेही बरं वाटलं, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ते सांध्यांत होतं आणि त्या बाईला कामावरून घरी बसवत होतं.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा सारांशातला निष्कर्ष हाताने झाका. आधी वहीत लिहा : तुलना नेमकी कशाशी केली आहे? मग निष्कर्ष उघडा आणि त्या तुलनेतून तो खरंच निघतो का, बघा.